टेबल सॉसोबत आलेलं सुरक्षेचं सामान: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन, घेताना सगळे मोटरची ताकद आणि फेन्स (फळी जिला टेकवून सरळ सरकवायची ती ब्लेडला समांतर पट्टी) बघतात. मीही तेच बघितलं. पण मशीनसोबत गार्ड (ब्लेडवरचं झाकण), रायव्हिंग नाइफ, फळीला मागे येऊ न देणारे दातेरी पंजे आणि एक प्लास्टिकची पुश स्टिकही येते. त्यातलं रोजच्या कामात काय टिकतं आणि काय कोपऱ्यात पडून राहतं, हे बरेच महिने काम केल्यावरच कळतं. म्हणून हा अनुभव फक्त त्या सामानाबद्दल. पुश ब्लॉक (फळी दाबून ढकलायचा ठोकळा) आणि धूळ ओढायचं मशीन मी नंतर वेगळं घेतलं, तेही यात धरलं आहे.

सर्वांत वरचा नंबर रायव्हिंग नाइफचा. ब्लेडच्या मागे उभी असलेली ही पातळ पट्टी कापलेल्या फटीत शिरते आणि फट मिटू देत नाही. लाकडाच्या पोटात ताण असतो. वरून सरळ दिसणारी फळीही उभी कापायला घेतली की अर्ध्यावर दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकायला लागतात. ब्लेडचे मागचे दाते टेबलातून वर येत असतात. फळीने त्यांना चिमटलं किंवा ती फेन्सपासून तिरकी होऊन त्यांच्यावर गेली, तर ते तिला उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. हाच किकबॅक. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेऱ्या घेत असेल, तर दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगापुढे हाताची पकड म्हणजे काहीच नाही, आणि फेकल्या जाणाऱ्या फळीबरोबर हातही ब्लेडवर ओढला जाऊ शकतो. म्हणून ब्लेडच्या रेषेत न थांबता थोडं बाजूला उभं राहायचं.

जुन्या मशीनवर याच कामाला असलेली पट्टी, म्हणजे स्प्लिटर, जागेवर घट्ट असायची. हा नाइफ ब्लेडबरोबर वरखाली होतो आणि ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहतो, त्यामुळे फळीत नुसती खाच पाडतानाही काढावा लागत नाही. इतक्या महिन्यांत मी तो ब्लेड बदलण्यापुरताच हलवला आहे, तेही प्लग काढून.

एक गोष्ट मात्र मॅन्युअलमध्ये कोपऱ्यात छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. नाइफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्यांच्या कापापेक्षा पातळ हवा. बारीक कापाचं ब्लेड बसवलं आणि नाइफ जाड निघाला, तर फळी मध्येच अडकते. मग लोक वैतागून नाइफच काढून टाकतात. बदलायला हवं असतं ते ब्लेड! नाइफची जाडी बहुधा त्याच्यावरच कोरलेली असते. नवं ब्लेड घेताना तो आकडा सोबत न्यावा.

गार्डबद्दल मत जरा मिश्र आहे. पारदर्शक प्लास्टिकवर बारीक भुसा चिकटून बसतो आणि मग रेषा दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसत राहावं लागतं. अरुंद पट्ट्या कापताना ते पुश ब्लॉकच्या आड येतं, खाच पाडताना आणि स्लेडवर (फळी ठेवून ब्लेडवरून सरकवायच्या पाटावर) काम करताना काढावंच लागतं. माझं गार्ड एका खटक्यात निघतं आणि बसतं, म्हणून ते अजून वापरात आहे. पान्याने उघडावं लागलं असतं तर एकदा काढलेलं पुन्हा चढलं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दातेरी पंजे मला फारसे रुचले नाहीत. मऊ लाकडावर ओरखडे पाडतात आणि अरुंद पट्टी त्यांच्याखाली अडकते. माझ्या मशीनवर ते गार्डपासून वेगळे निघतात, हे बरं.

सोबतची पुश स्टिक टाकाऊ. ती फळीला फक्त मागच्या टोकाला ढकलते, पुढचं टोक उचललं जाऊ शकतं. पुश ब्लॉक एकाच वेळी खाली दाबतो, पुढे नेतो आणि फेन्सला चिकटवून ठेवतो. ब्लेड आणि फेन्समध्ये साधारण १५ सेंटीमीटरपेक्षा कमी जागा उरली की माझा मोकळा हात तिथे जातच नाही. आडव्या कापाला मायटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा, फळी कोनात धरणारा आधार) वापरत असलो तर फेन्स बाजूला. दोन्ही एकदम लावले की सुटा तुकडा मध्ये अडकून उडतो. हातमोज्यांबद्दल नेहमी विचारलं जातं: फिरत्या ब्लेडजवळ नकोतच, दाते कापडाबरोबर बोटही ओढून घेतात.

धुळीचा त्रास गार्ड काढल्यावर जाणवतो. टेबलाखालचा पाइप बराच भुसा ओढतो, पण वर उडणारा गार्डच्याच नळीतून जातो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डची) धूळ तर आणखी बारीक. कापडी पिशवीतून सर्वांत घातक बारीक कण परत खोलीत येत होते, म्हणून मी कार्ट्रिज फिल्टर बसवला, तरी मास्क सुटलेला नाही.

त्वचा लागताच ब्लेड थांबवणारं तंत्र माझ्या मशीनमध्ये नाही. सॉस्टॉप कंपनीच्या मशीनमधला असा ब्रेक सुमारे ५ मिलिसेकंदांत ब्लेड थांबवतो, बोट वाचवायला त्याला तोड नाही. पण किकबॅक त्याने थांबत नाही, तिथे नाइफच लागतो.

नवीन मशीन बघायला जाल तेव्हा गार्ड स्वतःच्या हाताने काढून परत बसवून बघा. स्विच गुडघ्याने बंद करता येतो का आणि वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही ना, तेही तपासा. आणि वेगळ्या जाडीचा नाइफ सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधीच विचारा.