नायट्रॉक्सच्या प्रमाणपत्रासाठी सरावाच्या डाइव्ह हव्यात का? दोन पर्यायांचा तुलनात्मक आढावा

नायट्रॉक्सवर, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या हवेवर, डाइव्ह करण्याचे प्रमाणपत्र घ्यायचे ठरवले की बहुतेकांपुढे दोन पर्याय येतात. एकात अभ्यास, परीक्षा आणि सिलिंडरमधला वायू मोजण्याचा सराव एवढ्यावर अभ्यासक्रम आटोपतो. दुसऱ्यात त्यानंतर प्रशिक्षकाबरोबर, सहसा दोन, डाइव्हही होतात. हाती येणारे कार्ड मात्र दोन्हीकडे सारखेच असते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, त्या डाइव्हसाठी जास्तीचा वेळ आणि पैसा घालून पदरात नेमके काय पडते, आणि ते सर्वांवर सक्तीने लादण्याइतके मोलाचे आहे का.

आधी नायट्रॉक्सने काय मिळते आणि त्याची किंमत काय, ते पाहू. साध्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रॉक्समध्ये तो बहुधा ३२ किंवा ३६ टक्के ठेवतात. तेवढा नायट्रोजन कमी झाल्यामुळे शरीरात तो कमी मुरतो आणि पाण्याखाली राहण्याचा वेळ वाढतो. पॅडी या डाइव्हिंग-प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार हवेवर ३० मीटर खोलीला २० मिनिटांची मर्यादा आहे. त्याच खोलीवर ३२ टक्के नायट्रॉक्स घेतल्यास नायट्रोजनच्या हिशोबाने ती खोली साडेचोवीस मीटरच्या आसपास ठरते, आणि २५ मीटरसाठी तोच तक्ता २९ मिनिटे देतो. याची किंमत खोलीत मोजावी लागते. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे श्वासातल्या वायूच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, जो खोलीबरोबर वाढतो, १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा नियम पाळला तर ३२ टक्क्यांवर साधारण ३३ मीटरच्या आणि ३६ टक्क्यांवर २८ मीटरच्या खाली जाता येत नाही. नायट्रॉक्स घेतला की जास्त खोल जाता येते, हा गैरसमज अजूनही पुष्कळांच्या डोक्यात असतो. प्रत्यक्षात गोष्ट बरोबर उलटी आहे. मर्यादा ओलांडल्यावर काही वेळा कोणतीही पूर्वसूचना न मिळता आकडी येते, आणि पाण्याखाली आकडी आली की तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे श्वास घेण्याची नळी, सुटून माणूस बुडू शकतो.

डाइव्ह सक्तीच्या हव्यात असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात एक म्हण हमखास येते: पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पोहण्याच्या बाबतीत ती खरीच आहे, पण नायट्रॉक्सला ती लावताना अडचण येते. नायट्रॉक्सला वास नाही, चव नाही, श्वास घेताना कोणताही फरक जाणवत नाही. त्यामुळे पाण्यात उतरल्यावर प्रशिक्षक वेगळे असे काय दाखवणार? जास्त ऑक्सिजनमुळे आकडी आणणाऱ्या विषबाधेची रंगीत तालीम करता येत नाही. नायट्रॉक्समुळे थकवा कमी येतो असे अनेक डाइव्हर सांगतात, पण ते खरे धरले तरी त्यासाठी कुणी प्रशिक्षण देत नाही. थोडक्यात, नायट्रॉक्सच्या डाइव्हमधले कौशल्य जवळजवळ सगळे पाण्याबाहेर, पहिला पाय पाण्यात पडण्याआधीच, पणाला लागलेले असते.

सक्तीची मुळे इतिहासात आहेत. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेने १९७० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञ डाइव्हरांसाठी नायट्रॉक्सची पद्धत बसवली, आणि तिथेच काम केलेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ पासून ती हौशी डाइव्हरांपर्यंत नेली. त्या काळात हा वायू धोकादायक आणि केवळ तज्ज्ञांचा मानला जाई, खोली आणि उरलेली मिनिटे दाखवणारे डाइव्ह कॉम्प्युटर नायट्रॉक्सचा हिशोब करणारे असे सर्रास मिळत नसत, आणि तक्ते हाताने वापरावे लागत. अशा वेळी प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत डाइव्ह करवून घेणे योग्यच होते. पुढे पॅडीने आपल्या अभ्यासक्रमातल्या दोन डाइव्ह ऐच्छिक केल्या, आणि ब्रिटनच्या बीसॅक या डाइव्हिंग संस्थेने तर ३६ टक्क्यांपर्यंतचा नायट्रॉक्स आपल्या पहिल्याच पायरीच्या प्रशिक्षणात सामावून घेतला.

मग डाइव्ह निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. वर्गात शिकलेल्या पायऱ्या सुट्या सुट्या सोप्या वाटतात; हलत्या बोटीवर, घाईत, साथीदार हाका मारत असताना त्या एकही न वगळता पार पाडणे वेगळे. सिलिंडर मोजायचा, आकडा चिकटपट्टीवर लिहायचा, कॉम्प्युटरवर तोच आकडा भरायचा, साथीदाराचा आकडा विचारायचा आणि दोघांपैकी ज्याची मर्यादा कमी खोलीची असेल ती दोघांनी पाळायची. यातली एक कडी निसटली तर काय होते पाहा. सिलिंडरमध्ये ३६ टक्के आणि कॉम्प्युटरवर ३२ असेल, तर २८ मीटरची मर्यादा ओलांडूनही कॉम्प्युटर ३३ मीटरपर्यंत गप्प राहतो. सिलिंडरमध्ये साधी हवा आणि कॉम्प्युटरवर ३२ असेल, तर तो न मिळालेली मिनिटे उदारपणे देत राहतो आणि डिकम्प्रेशनच्या आजाराला, म्हणजे शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होण्याला, आमंत्रण मिळते. डाइव्हचा दुसरा उपयोग खोली सांभाळण्यापुरता आहे. ज्याची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याचे कसब, अजून हातात आलेली नाही आणि जो प्रवाळभिंतीच्या कडेने नकळत चार-पाच मीटर खाली घसरतो, त्याला २८ मीटर हा आकडा पाठ असून भागत नाही.

ग्यानबाची मेख मात्र डाइव्हमध्ये नसून मोजणीत आहे. ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा अ‍ॅनालायझर हातात घेऊन तो आधी साध्या हवेवर २०.९ वर आणायचा, सिलिंडरची झडप जेमतेम किलकिली करायची, वायू जोराने न सोडता संथ धारेने सेन्सरवर जाऊ द्यायचा, आणि आकडा चढत चढत ३१.६ किंवा ३१.८ ला स्थिर होईपर्यंत थांबायचे. धार जोरात सोडली किंवा सेन्सर जुना झाला असला, तर आकडा खोटे बोलू शकतो. मग चिकटपट्टीवर टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि आपले नाव स्वतःच्या अक्षरात लिहायचे. हे काम एकदा बघून येत नाही. प्रशिक्षकाने मुद्दाम ३६ टक्क्यांचा सिलिंडर ३२ ची चिठ्ठी लावून समोर ठेवावा आणि विद्यार्थ्याने तो पकडावा, असा सराव मला दोन डाइव्हपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. दुर्दैवाने काही ठिकाणी डाइव्ह असलेल्या अभ्यासक्रमातही प्रशिक्षकच सिलिंडर मोजून, चिठ्ठी लावून तयार देतो आणि विद्यार्थी नुसती सही करतो.

म्हणून माझे मत असे की, सक्ती करायचीच तर ती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने अनेक सिलिंडर मोजण्याची करावी, आणि डाइव्हचा निर्णय डाइव्हरच्या तयारीवर सोडावा. जो नियमित डाइव्ह करतो, ठरवलेल्या खोलीवर सहज स्थिर राहतो आणि स्वतःचा कॉम्प्युटर चांगला ओळखतो, त्याला वर्ग आणि मोजणीचा सराव पुरेसा आहे. डाइव्हचे पैसे त्याने पुढच्या खऱ्या नायट्रॉक्स डाइव्हसाठी राखावेत. ज्याने नुकतेच मूलभूत प्रमाणपत्र घेतले आहे, जो बऱ्याच काळाने पाण्यात उतरणार आहे किंवा जो भाड्याच्या अनोळखी कॉम्प्युटरवर अवलंबून आहे, त्याने डाइव्हचा पर्याय घ्यावा. पण पैसे भरण्याआधी त्या डाइव्हच्या सिलिंडरांची मोजणी कोण करणार, हे विचारून घ्यावे. उत्तर ‘तुम्ही स्वतः’ असे नसेल, तर दुसरा प्रशिक्षक शोधलेला बरा.

वर्ग आणि पहिली नायट्रॉक्स डाइव्ह यांच्यात काही महिने जाणार असतील, तर डाइव्हचा भाग त्या सहलीच्या पहिल्या दिवसापर्यंत पुढे ढकलता येतो का, हेही विचारून पाहावे.