ग्राफ चढला, वाचन जिथल्या तिथे

इंदूरला पलासियाच्या बाजूला ‘ब्रेन री-ट्रेनिंग’वालं एक सेंटर आहे. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशार असूनही अक्षरं जुळवून वाचणं त्याला जड जातं. ‘मेंदूचं वायरिंगच बदलतो, सहा महिन्यांत घडाघडा वाचेल, गॅरंटी’ असं सांगून त्यांनी ताईकडून पंचेचाळीस हजार आगाऊ घेतले. सांगणारा पांढऱ्या कोटात. तो कोट कशाचा, हे कोणी विचारत नाही आणि त्यावरच यांचं दुकान चालतं.

डोक्याला सेन्सरचा पट्टा बांधायचा आणि टॅबवर विमान उडवायचं. मन एकाग्र झालं की म्हणे विमान वर जातं. दर महिन्याला रंगीत ग्राफ मिळायचा, तो कायम चढता. एक दिवस पोरगं म्हणालं, “मामा, दात आवळले ना, की विमान आपोआप वर जातं!” मी पट्टा घालून बघितला. खरंच गेलं. कपाळावरच्या सेन्सरला जबड्याच्या स्नायूंचे सिग्नलही पोचतात, आणि ते मेंदूच्या लहरींपेक्षा बरेच जोरदार असतात. म्हणजे फी दात आवळण्याची!

शेवटची ‘टेस्ट’सुद्धा त्याच खेळांची. रोज जे घोटलं त्यात मार्क वाढणारच. घरी हिंदीचा धडा समोर ठेवला, तर ‘प्रार्थना’ शब्दाशी गाडी अडली ती अडलीच.

हे सगळीकडेच चालतं. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असल्याच फसव्या जाहिरातींसाठी ल्युमॉसिटी या ‘ब्रेन ट्रेनिंग’ खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला 20 लाख डॉलर भरायला लावले होते.

पैसे परत मागितले तर पावती दाखवली: ‘अ‍ॅक्टिव्हिटी किट, रक्कम परत मिळणार नाही’. गॅरंटी सगळी तोंडी. ताईनं 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुम्ही कुठे पैसे भरणार असाल, तर कबूल केलेलं आधी पावतीवर लिहून घ्या. अशा मुलांना शिकवणाऱ्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ठेवते; शिकवणाऱ्याचा तिथला नोंदणी क्रमांक मागा. आणि मुलाची प्रगती न पाहिलेला उतारा वाचायला देऊन मोजा, त्यांच्या खेळावर नाही.

भाचा आता एका स्पेशल एज्युकेटरकडे जातो. अक्षर, आवाज, परत अक्षर. कंटाळवाणं आहे, ग्राफबिफ काही मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया धरलेला आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं की सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मागता येतो. त्या सेंटरनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.