डंजन्स अँड ड्रॅगन्स इसेन्शियल्स किट: पेटी घ्या, पण पहिली मोहीम जपून निवडा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्ले गेममध्ये पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१९ मध्ये ही पेटी काढली. तेव्हाची छापील किंमत २४.९९ डॉलर. आपल्याकडे आयात होऊन येते, त्यामुळे दोन-तीन विक्रेत्यांचे भाव बघितल्याशिवाय घेऊ नका.

एकजण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो जग उभं करतो, राक्षसांच्या वतीनं लढतो, निकाल देतो. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर म्हणजे गोष्टीतलं पात्र चालवतात. आपण काय करणार ते सांगायचं, यश अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपला बोनस मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. हल्ल्यात हा ठरलेला आकडा म्हणजे समोरच्याचं कवच. बोनस ५ आणि कवच १४ असेल तर फाशावर ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के संधी. नियमपुस्तकाचा बराचसा भाग याच हिशोबाचा विस्तार आहे.

पेटीत ६४ पानी नियमपुस्तक, ‘ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक’ हे ६४ पानी मोहिमांचं पुस्तक, ११ फासे, ६ कोऱ्या कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती भरायचे कागद), ८१ पत्ते, दोन्ही बाजूंनी छापलेला नकाशा आणि डीएमची स्क्रीन म्हणजे त्याचे कागद झाकणारा उभा पुठ्ठा आहे. पत्ते छिद्रांच्या रेषेवरून सुटे करावे लागतात. आधी दोन्हीकडे घडी मारा, नाहीतर कडा फाटतात. स्क्रीनचा पुठ्ठा पातळ आहे, पंखा चालू असेल तर मागून चिमटा लावा. मिनिएचर म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती नाहीत. कॅरमच्या सोंगट्या आणि चौकटीचा कागद पुरतो, एक चौकोन म्हणजे ५ फूट.

तयार कॅरेक्टर नसणं ही पेटीची खरी उणीव. २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये, म्हणजे नवख्यांसाठीच्या आधीच्या पेटीत, पाच तयार कॅरेक्टर होती, उघडली पेटी की खेळ सुरू. इथे चार वंश आणि पाच वर्ग (गायक बार्ड, पुजारी क्लेरिक, लढवय्या फायटर, चोरटा रोग, जादूगार विझार्ड) यांतून सगळं स्वतः भरायचं. चार नवखे असतील तर पहिली बैठक यातच जाते. वेळ वाचवायचा तर ताकद, बुद्धी अशा सहा गुणांसाठी फासे टाकू नका. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटून टाका. विझार्ड आणि क्लेरिक यांची मंत्रांची निवड डीएमने आदल्या दिवशीच करून ठेवावी, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच मोडतो.

आता मोहिमा. पुढचे दोन परिच्छेद डीएमनेच वाचावेत, खेळणाऱ्यांची मजा जाईल.

फँडलिन गावाच्या फलकावर सुरुवातीला तीन कामं लागतात आणि पुस्तक ती पहिल्या पातळीच्या कॅरेक्टरांपुढे सरळ मांडतं. हा मला ढिसाळपणा वाटतो. अम्ब्रेज हिलवर मँटिकोर हा उडणारा राक्षस आहे: ६८ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा), एका फेरीत, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत, शेपटीचे तीन काटे, प्रत्येकी १डी८+३ म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ३. तिन्ही लागले तर सरासरी २२ नुकसान. पहिल्या पातळीच्या विझार्डकडे हिट पॉइंट असतात ६ अधिक कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणाचा बोनस. पहिल्याच फेरीत तो आडवा. मँटिकोर बोलतो, खायला किंवा पैसे देऊन त्याला वाटेला लावता येतं, पण नवखे खेळाडू आधी तलवार काढतात. तो बोलू शकतो हे डीएमने त्याच्याच तोंडून, पहिला काटा सुटायच्या आत कळवावं. दुसरं काम ड्वार्व्हन एक्सकॅव्हेशन. तिथली ऑकर जेली, म्हणजे सरपटणारा चिकट गोळा, तलवारीच्या वारानं दुभंगते आणि एकाच्या दोन होतात. तिथे बाण आणि गदा चालवायची. तिचा वेग फेरीला फक्त १० फूट, त्यामुळे पळणाऱ्याला ती गाठू शकत नाही. हेही खेळणाऱ्यांना लवकर दिसू द्या. सुरुवात तिसऱ्या कामापासून, नोमेनगार्डपासून करावी. तिथे एक मिमिक (वस्तूचं रूप घेऊन बसणारा राक्षस) सोडला तर बहुतेक काम बोलण्याचं आणि शोधण्याचं आहे.

ड्रॅगन क्रायोव्हेन कुठे आहे हे फासा ठरवतो, म्हणजे तो कधीही समोर येऊ शकतो. त्याच्या श्वासाचं नुकसान १०डी८, सरासरी ४५. चौथ्या पातळीपर्यंत तो आकाशातून जाताना दिसू द्या, कोणाची तरी गाय उचलू द्या, पण कॅरेक्टरांवर सोडू नका. मोहिमांच्या पुस्तकातलं चौकटीतलं इंग्रजी वर्णन वाचून दाखवू नका. ते मनात वाचून मराठीत सांगा, लोक लगेच बोलायला लागतात.

दोघांनाच खेळायचं असेल तर ही पेटी स्टार्टर सेटपेक्षा उजवी. ‘साइडकिक’चे नियम वापरून एकट्या खेळाडूला योद्धा, जाणकार किंवा मंत्र टाकणारा असा साधा साथीदार देता येतो, नऊ साथीदारांचे पत्ते तयारच आहेत. साथीदार खेळणाऱ्यानेच चालवावा. डीएमने चालवला तर डीएम स्वतःशीच गप्पा मारत बसतो.

आणि पेटी २०१४ च्या नियमांवर आहे. २०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुक या मुख्य नियमपुस्तकात गुणांची वाढ वंशाऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीतून येते, औषधाची कुपी पिण्याचा नियमही बदललाय. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडली की वाद होणारच. निदान आइसस्पायर संपेपर्यंत नवं पुस्तक कपाटात राहू द्या.