डीबी स्पेक्ट्रमला एसडी कार्ड : दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

जुन्या होम कॉम्प्युटरला नवं स्टोरेज घ्यायचं म्हटलं की सगळे आधी वेग विचारतात. मी म्हणेन, आधी सेव्ह होतं का ते विचारा. इंदूरला आमच्या घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या ऐंशीच्या दशकातल्या स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटरची भारतात परवान्यानं निघालेली आवृत्ती. दिवाळीपासून त्याच्यावर दोन वस्तू आलटूनपालटून वापरतेय : मागच्या एज कनेक्टरला (जोडणीच्या उघड्या पट्टीला) लागणारं डिव्हएमएमसी आणि कॅसेट प्लेअरच्या जागी येणारा टीझेडएक्सड्विनो. कार्ड दोन्हींत एसडीच, पण काम अगदी निराळं.

टीझेडएक्सड्विनो कार्डावरच्या फाइलचा पुन्हा आवाज करतो आणि तो ईअर सॉकेटमध्ये, म्हणजे कॅसेट प्लेअरची वायर लागते त्या भोकात, सोडतो. मशीनच्या लेखी ती कॅसेटच. म्हणून खास लोडर (खेळ मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्रॅम) असलेले खेळही तो बहुतेक वेळा सुखरूप चढवतो, आणि मशीन उघडावं लागत नाही की मागे काही खुपसावं लागत नाही. लोड होताना आधी पडद्याच्या कडेच्या बॉर्डरवर लाल-आकाशी रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. चित्र तीन टप्प्यांत काळंपांढरं उतरतं आणि अगदी शेवटच्या ७६८ बाइट्समध्ये रंग भरले जातात. हे बघायला मला आजही आवडतं. ४८ के मेमरीचा खेळ चढायला चार-पाच मिनिटं लागतात, ती लागू देत. खरी अडचण ही की तो फक्त वाजवतो. तुम्ही लिहिलेलं काही त्याच्यावर साठवता येत नाही.

आमच्याकडे तर लिहिलेलंच जास्त. बाबांनी त्या काळी बेसिकमध्ये भिशीचा हिशोब, पंचांगाची आकडेमोड, असं बरंच काही करून कॅसेटींवर ठेवलं होतं. डिव्हएमएमसी घेतलं ते त्यासाठी. त्यातल्या ईएसएक्सडॉस या कार्ड हाताळणाऱ्या सिस्टिममध्ये सेव्ह लिहून तारांकन आणि अवतरणात नाव दिलं, की प्रोग्रॅम क्षणात कार्डावर. फाइलींची नावं मात्र आखूड ठेवा. बाबा शेजारी बसून "अगं, एकशेवीस नंबरची ओळ बघ, व्याज तिथे चुकतंय" म्हणतात, मी ओळ बदलते, सेव्ह करते, पुन्हा चालवते. कॅसेटवर अशा दुरुस्त्या करत बसणं म्हणजे दर वेळी काउंटर लिहून ठेवा, टेप मागे घ्या, व्हेरिफाय करा. त्यापायी कितीतरी सुधारणा तेव्हा राहूनच गेल्या, असं तेच सांगतात.

डिव्हएमएमसीचं एक दुखणं आधीच समजून घ्या. ते रॉममधलं लोड करण्याचं रूटीन मधेच अडवून टेपऐवजी टॅप फाइलमधून (कॅसेटवरची माहिती साठवलेली फाइल) माहिती देतं. ज्या खेळाचा लोडर स्वतःचा आहे तो या रूटीनकडे जातच नाही, म्हणून नुसती टॅप फाइल देऊन भागत नाही. त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे चढलेल्या खेळाच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत, लागतो. ४८ के चा एसएनए स्नॅपशॉट जेमतेम ४९,१७९ बाइट्सचा असतो, तेव्हा २ जीबीच्या कार्डावरही हजारो मावतात. मोठ्या कार्डाच्या मागे लागू नका, खात्रीचं घ्या. स्वस्तातली खोटी कार्डं बाजारात भरपूर आहेत. कार्डावरचं सिस हे सिस्टिमचं फोल्डर आणि बोर्डातल्या चिपवरचं ईएसएक्सडॉस एकाच आवृत्तीचं हवं, नाहीतर सुरूच होत नाही.

बोर्ड लावताना-काढताना वीज बंद, यात तडजोड नको. कनेक्टरमधली खाच जुळलेली बघा. कडेचे सोनेरी पट्टे आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतले तर अर्ध्याअधिक तक्रारी उद्भवतच नाहीत. मला आलेला बोर्ड कनेक्टरला सैल होता, कीबोर्डवर जोरानं टाइप केलं की मशीन रिसेट व्हायचं. विक्रेत्यानं कुरकुर करत बदलून दिला. मे महिन्यात मशीनमधला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असाही तापतो, त्यात वरून बोर्डाचा भार, म्हणून दुपारी आम्ही ते लावतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॅसेटी उतरवण्यात, आणि तो मी पुन्हा आनंदानं देईन. डेकचं हेड पुसायचं, मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं किंचित फिरवत जायचं. आवाज बोदा असतो, एका जागी एकदम धारदार होतो, तिथे थांबायचं. मग लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झला वेव्ह फाइल आणि तिच्यावरून टॅप. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालूच नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतेच, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच उरकावं.

कमोडोर ६४ वाल्यांसाठी थोडक्यात : फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड वापरू देणारं एसडी२आयईसी स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण त्यात कमोडोरच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हचा प्रोसेसर नाही, त्यामुळे बरेच फास्टलोडर (लोडिंग वेगवान करणारे प्रोग्रॅम) अडतात. ते हवे असतील तर रास्पबेरी पायवर अख्ख्या १५४१ ची नक्कल करणारं पाय१५४१ बघा. अमिगाला गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा यूएसबी ड्राइव्ह, फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घातलेला.

स्पेक्ट्रमवाल्यांना एकच घेणं परवडत असेल तर डिव्हएमएमसी घ्या. फक्त खेळायचं असेल आणि मशीनला हात लावायची धास्ती वाटत असेल तर टीझेडएक्सड्विनो पुरे. आणि डिव्हएमएमसी घेतलंत तर दर आठवड्याला कार्ड लॅपटॉपवर उतरवून ठेवा. सेव्ह चालू असताना लाइट गेली तर फाइल जाऊ शकते, आणि पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो.