एसयूस्टॅटिक: पिक केलेल्या वेळा ट्रेसला लावण्याचं मोफत हत्यार

सिस्मिक युनिक्स (एसयू) या भूकंपीय डेटा-प्रक्रियेच्या पॅकेजमधला एसयूस्टॅटिक हा प्रोग्राम मी सतत वापरते, पण त्याच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत जे काम लिहिलंय त्यासाठी क्वचितच. ती ओळ सांगते की हा प्रोग्राम उंचीच्या फरकामुळे येणारी स्टॅटिक करेक्शन, म्हणजे पूर्ण ट्रेसला (एका रिसीव्हरच्या नोंदीला) सारखंच सरकवणारी दुरुस्ती, काढतो आणि लावतो. उंचीचं काम माझ्याकडे बहुतेकदा आधीच झालेलं असतं. मला हवं असतं ते वेगळंच: स्क्रीनवर एक इव्हेंट (ट्रेसगणिक दिसणारी एखादी लहर) पिक केला, म्हणजे टिपला, प्रत्येक ट्रेसवर त्याची वेळ मिळाली, आता ती वेळ वापरून ट्रेस वर-खाली सरकवायचे. म्हणजे परावर्तन सपाट करायचं, किंवा बोअरवेलमधल्या व्हीएसपी डेटात (रिसीव्हर विहिरीत खाली सोडून घेतलेल्या नोंदींत) पहिलं आगमन एका रेषेत आणायचं. हा आढावा तेवढ्याच कामापुरता.

पॅकेज कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या सेंटर फॉर वेव्ह फेनॉमेनाचं. जॅक कोहेन आणि शुकी रोनेन यांनी 1980 च्या दशकात तिथे त्याला आकार दिला, पुढे जॉन स्टॉकवेल यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. मोफत, सोर्स कोडसकट. खिडक्या आणि बटणांची सवय असेल तर पहिले काही दिवस वैताग येईल, कारण सगळं टर्मिनलवर आणि एका प्रोग्रामचं आउटपुट पाइपने दुसऱ्यात. मला हेच आवडतं. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की या लाइनवर (सर्व्हेच्या रेषेवर) काय केलं होतंस, तर स्क्रिप्ट उघडून दाखवता येते.

पिकिंग करते ट्रेस स्क्रीनवर दाखवणाऱ्या एसयूएक्सविगबीवर. इव्हेंटवर माउस नेऊन एस दाबला की त्या जागेची वेळ आणि ट्रेसचं स्थान एमपिक्स या पर्यायाला दिलेल्या फाइलमध्ये साध्या मजकुरात उतरतं. दर ट्रेसवर पिक करायची गरज नाही, मधल्या जागा युनिसॅम भरून देतो. त्यात रेषीय, अकिमा, मोनोटोनिक आणि स्प्लाइन असे पर्याय आहेत. डिप (इव्हेंटचा उतार) हळूहळू बदलत असेल तर अकिमा चांगला चालतो. पण खरं स्टॅटिक शोधत असाल, म्हणजे ट्रेसगणिक उड्या मारणारा फरक, तर इंटरपोलेशन करूच नका. ज्या उड्या पकडायच्या त्याच गुळगुळीत होऊन जातील.

मग सेकंदांचे मिलिसेकंद करायचे, पूर्णांकांची बायनरी फाइल बनवायची आणि एसयूएसएचडब्ल्यूने ती टीस्टॅट या हेडर शब्दात घालायची (हेडर म्हणजे प्रत्येक ट्रेसला जोडलेली माहिती). फाइलमधले आकडे ट्रेसच्या क्रमाने वाटले जातात, म्हणून ज्या क्रमात पिक केलं त्याच क्रमात डेटा हवा. एकदा आकडा हेडरमध्ये बसला की मग खुशाल एसयूसॉर्ट करा, तो ट्रेसबरोबरच फिरतो. पिक्सची वेगळी टेबलं सांभाळणाऱ्या महागड्या पॅकेजांपेक्षा ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. संदर्भवेळ वजा करायला एसयूसीएचडब्ल्यू आहे: इव्हेंट 800 मिलिसेकंदांवर सपाट हवा असेल तर टीस्टॅटमधून 800 वजा. शेवटी एसयूस्टॅटिकला एचडीआरएस=1 सांगायचं. या पर्यायात तो स्वतः काही गणित मांडत नाही, हेडरमधला आकडा वाचतो आणि ट्रेस सरकवतो.

सरकवणं चोख आहे. नमुन्यांतलं अंतर 4 मिलिसेकंद आणि सरकवायचंय 3 मिलिसेकंद, तरी तो जवळच्या नमुन्यावर ढकलून मोकळा होत नाही, सिंक इंटरपोलेशनने मधली किंमत काढतो. वेव्हलेटचा, म्हणजे लहरीच्या छोट्या स्पंदनाचा, आकार टिकतो. नायक्विस्टच्या (त्या नमुन्यांत टिपता येणाऱ्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या) अगदी जवळ काम करत असाल तरच थोडी झीज दिसेल.

साइनचं मात्र जपून. माहितीपत्रक म्हणतं की साइन=1 दिलं तर टीस्टॅट मिळवला जातो आणि -1 दिलं तर त्याचं उलट. मिळवला म्हणजे इव्हेंट वर गेला की खाली, हे त्या ओळीतून कळत नाही, आणि प्रत्येक पॅकेजचा संकेत आपापला. वाद घालत बसू नका. एसयूप्लेनने एक तिरपा इव्हेंट बनवा, त्याच्या वेळा टीस्टॅटमध्ये घाला, चालवा. सपाट झाला तर साइन बरोबर. डिप दुप्पट झाला तर उलटा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता माझी खरी तक्रार, आणि ती जितकी या प्रोग्रामबद्दल आहे तितकीच सेग-वाय या भूकंपीय डेटाच्या प्रमाणित फाइल-स्वरूपाबद्दल. सेग-वायच्या ट्रेस हेडरमध्ये 99-100 बाइटांत सोर्स स्टॅटिक, 101-102 मध्ये रिसीव्हर स्टॅटिक आणि 103-104 मध्ये एकूण स्टॅटिक (आपला टीस्टॅट) असतं. तिन्ही दोन बाइटांचे पूर्णांक, एकक मिलिसेकंद. 1975 च्या मूळ मसुद्याच्या काळात हे पुरेसं होतं. 50 हर्ट्झच्या परावर्तनाचा आवर्तकाल 20 मिलिसेकंद, त्यात पूर्णांकामुळे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद चूक, म्हणजे 9 अंशांचा फेज. कोणाला दिसणारही नाही. पण उथळ, उच्च वारंवारतेच्या डेटात 400 हर्ट्झवर तोच अर्धा मिलिसेकंद 72 अंश होतो. एवढ्या काळजीने पिक करायचं आणि मग हेडरने दशांश छाटून टाकायचे! 2002 च्या सुधारित सेग-वायने यावर उपाय दिला: 215-216 बाइटांत वेळेचा गुणक. पण एसयूचा हेडर 180 व्या बाइटनंतर स्वतःच्या वाटेने जातो, त्यामुळे तो गुणक इथे कामाला येत नाही.

तोडगा आहे, थोडा गावठी पण चालणारा. हेडरमधला डीटी (नमुन्यांतलं अंतर) तात्पुरता दहापट करा. नमुना 250 मायक्रोसेकंदांचा असेल तर 2500 लिहा. प्रोग्रामला वाटतं डेटा दहापट लांब आहे, त्यामुळे टीस्टॅटमधला 1 आता खऱ्या 0.1 मिलिसेकंदाइतका. 3.7 चं स्टॅटिक 37 म्हणून घाला, एसयूस्टॅटिक चालवा आणि लगेच डीटी पूर्ववत करा. मधे कुठलाही फिल्टर लावू नका, त्याच्या वारंवारता दहापटीने चुकतील. मी हे एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवलंय, म्हणजे पूर्ववत करायचं राहून जायला नको.

दुसरी खोच अर्थाची. सेग-वायच्या व्याख्येप्रमाणे टीस्टॅट म्हणजे आधीच लावलेलं एकूण स्टॅटिक. एचडीआरएस=1 मात्र त्याच शब्दातला आकडा लावायचं स्टॅटिक म्हणून घेतं. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये तो शब्द भरलेला असेल तर तेच करेक्शन दुसऱ्यांदा लागेल आणि प्रोग्राम चकार शब्द काढणार नाही. म्हणून डेटा वाचल्याबरोबर एसयूगेटएचडब्ल्यूने तिन्ही शब्द छापून बघायचे, आणि आपलं सरकवून झालं की टीस्टॅट शून्य करून मूळ आकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे.

व्हीएसपीत हे हत्यार खरं खुलतं. पहिल्या आगमनाच्या वेळा हेडरमध्ये घाला, एका साइनने सरकवा, खाली जाणाऱ्या लहरी सपाट होतात. त्यांच्यावर आडवा मीडियन फिल्टर (शेजारच्या ट्रेसच्या किमतींतली मधली किंमत घेणारा) लावला की त्या वेगळ्या निघतात. त्या परत आपल्या जागी नेऊन मूळ डेटातून वजा केल्या की वर येणाऱ्या उरतात, आणि त्यांना उलट्या साइनने तितकंच सरकवलं की त्या दुतर्फा वेळेत (खाली जाऊन वर येण्याच्या पूर्ण वेळेत) येऊन उभ्या राहतात. एकच आकडा, दोन साइन, आणि सगळं काम त्यावर. पिकमध्ये थोडी चूक असली तरी जाताना आणि परतताना तीच चूक लागते, म्हणून ट्रेस आपल्या जागी परत येतो. बिघडतो तो मीडियनचा दर्जा. फक्त पहिलं आगमन शून्यावर नेऊ नका. शून्याच्या वर गेलेला भाग कायमचा जातो, परत सरकवलं की तिथे नुसती शून्यं भरलेली असतात. 100 मिलिसेकंदांची संदर्भवेळ ठेवली की वेव्हलेटला डोकं वर काढायला जागा राहते. सपाट करा, मीडियन लावा, परत न्या हा सगळा खटाटोप नको असेल तर एसयूमीडियन पिक केलेल्या वक्रावरच हे तिन्ही एका दमात करतो. मी तरीही टप्पे वेगळे ठेवते, मधला डेटा डोळ्यांनी पाहायला मिळतो म्हणून.

परावर्तनावर केलेले पिक्स थेट लावण्याबद्दल मात्र माझं मत कडक आहे. त्या वेळेत चार गोष्टी मिसळलेल्या असतात: सोर्सचा विलंब, रिसीव्हरचा विलंब, जमिनीखालची खरी रचना आणि ऑफसेटच्या (सोर्स आणि रिसीव्हरमधल्या अंतराच्या) वर्गाबरोबर वाढणारा उरलेला मूव्हआउट, म्हणजे त्या अंतरामुळे होणारा उशीर. टॅनर, कोहलर आणि अलहिलाली यांनी 1974 मध्ये आणि विगिन्स, लार्नर आणि वायझकप यांनी 1976 मध्ये हीच फोड मांडली. पिक सरळ स्टॅटिक म्हणून लावलं तर सेक्शन सुरेख सपाट होईल आणि ज्या अँटिक्लाइनसाठी (थरांच्या कमानीसाठी) सर्व्हे केला तोही सपाट होईल. एसयूस्टॅटिक तुम्हाला अडवणार नाही. सोर्स-रिसीव्हरचा वाटा वेगळा काढायला एसयूरेसस्टॅट आहे, तो रोनेन आणि क्लेरबाउट यांच्या 1985 च्या स्टॅक-पॉवर पद्धतीवर (ट्रेसची बेरीज जास्तीत जास्त बळकट करण्यावर) चालतो, आणि त्याच्या फाइली एचडीआरएस=3 देऊन थेट लावता येतात. त्यात शॉट फील्ड रेकॉर्ड क्रमांकावरून आणि रिसीव्हर ट्रेस क्रमांकावरून शोधला जातो, त्यामुळे भूमिती वेडीवाकडी असली तरी चालतं. एचडीआरएस=2 ला मात्र नियमित भूमिती लागते. दोन्हींत सोर्स, रिसीव्हर, ऑफसेट यांची संख्या हाताने द्यावी लागते. न दिल्यास प्रोग्राम 240, 335 आणि 96 धरतो. हे आकडे तुमच्या लाइनचे असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच बघा.

ज्याला स्क्रिप्ट लिहायचा कंटाळा नाही आणि आपले पिक्स कुठून आले हे ज्याला माहीत आहे, त्याने हे बेलाशक वापरावं. ज्याला प्रोग्रामने सल्ला द्यावा, धोक्याची सूचना द्यावी असं वाटतं, त्याला इथे काहीच मिळणार नाही. पुढच्या आवृत्तीत टीस्टॅटसाठी दशांशाची सोय झाली तर माझी दहापटीची स्क्रिप्ट मी आनंदाने पुसून टाकीन.