चिमट्यातले रबरी बुश: काढून कोटिंग की टेप लावून?

आमच्या दारव्ह्याकडचे लोक मोटरसायकलचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पावडर उडवून भट्टीत भाजून पक्की करायला, अमरावतीला पाठवतात, तेव्हा बुश (चिमट्याच्या भोकात घट्ट बसवलेली रबरी नळी) तसेच ठेवून वरून टेप मारतात. वेळ वाचतो, हे खरं. पण भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर तापते. टेप पावडर अडवते, उष्णता नाही. मी एकदा असंच केलं, तर रबर चिकट होऊन बोट लावताच काळं निघालं आणि कडेला धुराचा पिवळट डाग पडला. चिमटा परत घासावा लागला.

काढायला मेहनत आहे. लांब बोल्ट, एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा मोठ्या पाइपचा तुकडा. नट आवळत गेलं की बुश सरकतो. गंजलेला असेल तर रबर ड्रिलने पोखरा, मग बाहेरचं कडं हॅक्सॉ ब्लेडने आतून जपून चिरा. भोकाला ओरखडा पडू देऊ नका. कोटिंगआधी तिथे सिलिकॉनचा बूच बसवा, नाहीतर पावडरचा थर चढून नवा बुश बसत नाही.

जुन्या गाडीचा बुश मिळतच नसेल, तर मात्र काढू नका. अशा वेळी भट्टीच नको, साधा स्प्रे रंग मारा.