किर्लोस्कर टीव्ही-१ : पिस्टनचा बाऊल बदलून काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आमच्या आयसी इंजिन लॅबला किर्लोस्करचं टीव्ही-१ हे डिझेल इंजिन आहे, बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजात असतं तेच, सिंगल सिलिंडर, वॉटर कूल्ड, ६६१ सीसी, १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट. एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी टर्मभर त्याच्यावरच आहे. इंजिन दणकटच, त्यात वादच नाही. मला लिहायचंय ते बाऊलबद्दल, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावरच्या त्या खड्ड्याबद्दल जिथे डिझेल जळतं, कारण डिझेल म्हटलं की सगळे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवरच बोलतात, तो फवारा जाऊन कुठे पडतो ते कुणी बघतच नाही.

मूळ बाऊल अर्धगोल. हेड काढलं तर बाऊलच्या भिंतीवर काजळीचे तीन वेगवेगळे डाग, इंजेक्टरच्या तोंडाला, म्हणजे नॉझलला, भोकंही तीनच, म्हणजे कुठली धार कुठे आपटते ते समोरच दिसतं! भिंतीला चिकटलेलं डिझेल हवेत मिसळायला वेळ घेतं आणि फुल लोडला धूर वाढतो, अर्धगोल बाऊलचा हा स्वभावच आहे.

मग टोरॉइडल बाऊलचा पिस्टन टाकला, तोंड अरुंद आणि आतून पोट सुटलेलं, व्हॉल्यूम तेवढाच ठेवला नाहीतर १७.५ चा कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) हलतो आणि तुलनेला अर्थच उरत नाही. पिस्टन वर येताना कडेची हवा दाबून आत ढकलली जाते, आत गरगर फिरते आणि धारेला फोडते. धूर कमी झाला हे नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. पण आता डिझेल लवकर पेट घेतं, त्यामुळे डिझेल सोडण्याचं मूळ टायमिंग, टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) आधी क्रँकचे २३ डिग्री, जास्तच लवकरचं ठरतं, ग्राफवर सिलिंडरमधल्या प्रेशरचा पीक आधीच आलेला दिसतो. डिझेल पंपाखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वाढवून २१ वर आणलं तेव्हा कुठे इंजिन मऊ चालायला लागलं. इंजेक्शनचं प्रेशर २०० वरून २२० बार केल्यावर अजून फरक पडला, माझ्या मते या बाऊलला हेच सेटिंग बेस्ट. नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड) मात्र वाढतो, कारण आत तापमान चढतं, टायमिंग अजून मागे घेतलं तर तो उतरतो पण मग डिझेल जास्त जातं, दोन्ही एकदम नाही मिळत.

आणि नॉझलखालचं तांब्याचं वॉशर नीट मोजून घ्या रे. जाड पडलं की नॉझलची टिप वर राहते, धार बाऊलच्या ओठावर आदळते, थोडं डिझेल बाहेर लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर जातं आणि तिथून खाली ऑइलमध्ये उतरतं. अर्धगोल बाऊलचं तोंड मोठं म्हणून तिथे एवढं चालून जातं, इथे नाही चालत. डिपस्टिकच्या ऑइलला डिझेलचा वास आला तर आधी वॉशर बघा, पंप मग खोला.